वडी की बाटली? अंगाच्या साबणाविषयी चार गोष्टी

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आमच्या पेडणे महालातली पुष्कळ मुले तेथे अगर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला लागली. त्यांतलाच माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीला घरी येताना हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी ठेवतात तसल्या शॉवर जेलची एक मोठी बाटली विकत घेऊन आला. दोन दिवसांनी त्याची आई वाटेत भेटली आणि म्हणाली, "मास्तर, आमच्या घरात भांडण लागले आहे. पोरगा म्हणतो, वडीने कातडी खराब होते, सगळ्यांनी ही बाटली वापरा. सासूबाई म्हणतात, आमची अख्खी हयात वडीवर गेली, आम्हांला काय झाले? तुम्ही शास्त्र शिकवता, तर सांगा, खरे कोणाचे?"

मी हसून म्हटले, "बाई, दोघांचेही थोडे थोडे." पण हे उत्तर पळवाटीचे होते, हे मला ठाऊक होते. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ट्रस्टच्या चालकांनी 'घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहा' असा आग्रह केला, तेव्हा त्या माउलीचा प्रश्न आठवला. विषय वरवर क्षुल्लक आहे. परंतु जी वस्तू आपण दररोज, जन्मापासून अखेरपर्यंत अंगाला लावतो, तिच्याविषयी आपण दुकानदाराचे ऐकतो, जाहिरातीचे ऐकतो, आणि कातडीचे तेवढे ऐकत नाही. माझ्या घरात ही चूक झाली होती. ती हकीगत पुढे सांगतो.

साबण म्हणजे काय?

'साबण' या शब्दाचा प्रवास मोठा आहे. अरबी 'साबून', पोर्तुगीज 'साबांव' आणि आपला 'साबण' ही एकाच कुळातली भावंडे. त्यांचे मूळ लॅटिन 'सापो'पर्यंत जाते. सीरियातील अलेप्पो येथे ऑलिव्हचे तेल व लॉरेलचे तेल यांपासून, आणि पॅलेस्टाइनमधील नाब्लुस येथे ऑलिव्ह तेलापासून शतकानुशतके साबण तयार होत आला आहे. या दोन्ही कारागिरींची नोंद युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आपल्या देशात म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे चंदनी साबणाचा कारखाना काढला तो १९१६ साली. आणि मुंबईस गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न घालता केवळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तो त्यानंतर दोनतीन वर्षांतच.

साबणाची कृती मात्र सगळीकडे एकच. तेल किंवा चरबी घ्यावी, तीत दाहक सोड्याचे पाणी घालावे. दोघांचा संयोग होऊन साबण तयार होतो आणि सोबत ग्लिसरीन सुटते. सोड्याऐवजी पोटॅशचा क्षार वापरला तर साबण मऊ होतो. तेलाच्या आत नेमके काय असते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८२३ च्या सुमारास उकलून दाखविले आणि हा धंदा अंदाजावरून शास्त्रावर आला.

साबणाच्या प्रत्येक कणाला एक डोके व एक शेपूट असते असे समजा. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला तेल. अंगावरचा मळ तेलकट घामात चिकटलेला असतो. शेपट्या त्या तेलात रुततात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात, आणि तेलाचा तो थेंब मळासकट सुटून तांब्याभर पाण्याबरोबर वाहून जातो. एवढेच साबणाचे रहस्य. सुगंध, रंग, फेस हे सारे नंतरचे अलंकार होत. फेस पुष्कळ म्हणजे सफाई पुष्कळ, ही समजूतही खरी नव्हे.

बाटलीत काय असते?

शॉवर जेल म्हणजे पातळ केलेला साबण, असे बहुतेकांस वाटते. तसे ते सहसा नसते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा साबणाला पर्याय म्हणून कृत्रिम मळहारक द्रव्ये शोधण्यास सुरुवात झाली. त्याच वंशातली सौम्य द्रव्ये आज जेलमध्ये असतात. बाटलीतला सर्वांत मोठा भाग साध्या पाण्याचा. त्यात मळ काढणारी एक-दोन द्रव्ये, दाटपणा आणण्यासाठी पुष्कळदा आपले स्वयंपाकाचेच मीठ, थोडे ग्लिसरीन, अत्तर, रंग. आणि पाणी असल्यामुळे ते नासू नये म्हणून परिरक्षक द्रव्य. वडीत पाणी थोडे असते व ती अल्कधर्मी असते, म्हणून तिला परिरक्षकाची गरज फार कमी.

गंमत अशी की, जेलमधल्या मळहारक द्रव्यांपैकी कित्येक आपल्या माडाच्याच कृपेने होतात. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याच्यापासून वडीही होते आणि बाटलीतले द्रव्यही होते. तेव्हा 'वडी नैसर्गिक, बाटली रासायनिक' हा वाद फोल आहे. सोडा घातल्यावाचून वडी होत नाही, आणि सोडा हे रसायनच आहे.

या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रकार आहे, तो ध्यानात ठेवावा. दिसायला वडीच, पण आत साबण नाही, किंवा थोडासाच. मळ काढणारी द्रव्ये जेलसारखी. अशी वडी अमेरिकेत १९५७ साली प्रथम मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली, आणि आता ती आपल्या डिचोलीच्या बाजारातही मिळते. त्वचेचे डॉक्टर कोरड्या अंगाच्या माणसास पुष्कळदा हीच लिहून देतात. म्हणजे खरा प्रश्न वडी की बाटली हा नसून, आत काय आहे हा आहे.

हळदीची परीक्षा

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर फार पातळ, बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. तो चिऱ्याच्या भिंतीसारखा रचलेला असतो. मृत पेशी हे चिरे, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. या भिंतीमुळे आतले पाणी आत राहते व बाहेरचे जंतू बाहेर. शिवाय निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला 'आम्लाचे आवरण' असे नाव दिले. आम्लता व अल्कता मोजण्याच्या पी. एच. मापावर ७ म्हणजे समतोल, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. त्वचा साधारणपणे ५ च्या आसपास. खरा साबण ९ ते १० च्या दरम्यान. या मापावर एकेक पायरी दसपट असते. म्हणजे चार पायऱ्यांचा फरक हा दहा हजारपटींचा फरक झाला.

वर्गात मी मुलांना एक प्रयोग करून दाखवितो. तो घरीही करता येईल. कागदाच्या पट्टीवर हळदीचे पाणी लावून ती वाळवावी. तिच्यावर आपल्या साबणाचा ओला फेस लावावा. खरा साबण असेल तर पिवळी पट्टी तांबूस होईल. लग्नातल्या हळदीचे डाग साबण लावताच लाल होतात, ते याच कारणाने. आता दुसऱ्या पट्टीवर जेल लावावे. बहुतेक जेल व त्या तिसऱ्या प्रकारच्या वड्या यांनी पट्टी पिवळीच राहते. वेष्टनावर 'सौम्य' असे कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो, हळद खोटे बोलत नाही.

मात्र यावरून खऱ्या साबणाला शत्रू समजू नये. धडधाकट माणसाची त्वचा साबणाने बिघडलेला समतोल काही तासांत पुन्हा सावरते. तरुणपणी हे काम झपाट्याने होते. म्हातारपणी, तान्हेपणी, आणि ज्यांची त्वचा मुळातच कोरडी वा इसबाची आहे त्यांच्या बाबतीत, ते होत नाही अगर फार हळू होते. त्या सासूबाईंची हयात वडीवर सुखाने गेली हे खरे. पण आता उरलेली वर्षे तशीच जातील असे मात्र नव्हे.

माझ्या घरातली चूक

आता ती हकीगत. माझी आई सत्तरी ओलांडलेली. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात, पहाटे पूर्वेकडचा सुका वारा सुटू लागला तेव्हा, तिच्या नडग्यांना खाज सुटली. रात्रीची झोप गेली. नडग्यांवर सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा दिसू लागल्या. आम्हांस वाटले, काही जंतूंचा विकार असावा. मीच बाजारातून उग्र वासाचा औषधी साबण आणला. भाणातले पाणी कडकडीत तापवावे, तो साबण घासावा, आणि वरून काथ्याने रगडावे, असा क्रम सुरू झाला. त्याखेरीज दिवसातून पाच वेळा वजू. हातपाय धुताना तेथेही ती तोच साबण लावू लागली, कारण मुलाने आणलेला, औषधी, आणि महागही. खाज दुप्पट झाली. खाजवून रक्त निघू लागले. मी साबण बदलून त्याहून उग्र आणला.

शेवटी तिला डॉक्टरकडे नेले. त्यांनी पाय पाहिले आणि पहिला प्रश्न मला विचारला, "साबण कुठला लावता?" विकार जंतूंचा नव्हता. वयोमानाने त्वचेतली स्निग्धता आटली होती, आणि उरलेली आम्ही दररोज मनोभावे धुऊन टाकीत होतो. त्यांनी सांगितले ते असे: पाणी कोमट घ्या. न्हाणे दहा मिनिटांत आटपा. साबण फक्त काखा, जांघा आणि पावले येथे. नडग्या, हात, पाठ यांस नुसते पाणी पुरे. साबण बदलून सौम्य वडी घ्या. काथा बंद. अंग टिपून घ्या, पुसू नका. आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत तेल किंवा मलम लावा. वजूला साबण लागतच नाही, शुद्ध पाणी पुरते, हे तर आम्हांस आधीच ठाऊक होते. आम्हीच ते विसरलो होतो.

तीन आठवड्यांत आई रात्रभर झोपू लागली. औषधाला लागले ते पैसे थोडे; पण माझ्या शहाणपणापायी तिने दोन महिने जागून काढले, याची टोचणी अजून आहे. शिकलेल्या माणसाची चूक अधिक महागात पडते, कारण घरातले सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच.

जंतुनाशक, गजकर्ण आणि एका वडीचे घर

'जंतुनाशक' हा शब्द वेष्टनावर दिसला की आपणांस धीर येतो. कराची शहरातील गरीब वस्त्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, त्या घरांत मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाब ५३ टक्क्यांनी आणि कातडीवरचे पिकणारे फोड ३४ टक्क्यांनी कमी झाले. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की साधा साबण व जंतुनाशक साबण यांच्या गुणात फरक आढळला नाही. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती साबणांत घालण्यास बंदी केली. साध्या साबणाहून ती अधिक गुणकारी आहेत, असा पुरावा कारखानदारांना देता आला नव्हता.

दुसरी शंका: घरात सहा माणसे आणि वडी एक, मग एकाचे जंतू दुसऱ्याला लागणार नाहीत का? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जंतू सोडले आणि त्यांनी माणसांना हात धुवावयास लावले. हातांवर जंतू आले नाहीत. तरीही वडी पाण्यात लिबलिबीत पडू देऊ नये, भोके असलेल्या साबणदाणीत वाळू द्यावी. आणि ज्याच्या अंगावर जखम, खरूज वा गजकर्ण आहे, त्याची वडी वेगळी असलेली बरी. त्याहूनही महत्त्वाचे, त्याचा पंचा वेगळा असावा. या बाबतीत बाटलीला एक गुण द्यावा लागेल: तिला कोणाचे अंग लागत नाही.

गजकर्णाचे नाव निघाले म्हणून एक कळकळीची सूचना. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि जांघेत, कमरेला चट्टे उठतात. माझ्या शाळेतला फुटबॉल खेळणारा एक मुलगा असे चट्टे लपवून चार महिने निरनिराळे साबण लावीत होता, आणि जोडीला कोणीतरी दिलेले मलम. मलमाने खाज दोन दिवस थांबे आणि चट्टा मात्र पसरत जाई. त्यात स्टेरॉइड होते. अशी कित्येक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला आहे. गजकर्ण कोणत्याही साबणाने बरे होत नाही, वडीनेही नाही व बाटलीनेही नाही. डॉक्टरच्या औषधाने, आणि ते सांगतील तितके दिवस लावल्यानेच ते जाते. मुलांना याची लाज वाटू देऊ नका.

आमच्या विहिरी, आमची बालदी, आमचा खिसा

पाण्याचाही विचार करावा लागतो. ज्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त, त्यात साबणाचा फेस होत नाही व पांढरा साका अंगावर राहतो. अशा जड पाण्यात जेल बरे. परंतु पेडणे-डिचोलीच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा हलके असते, साबणाला अनुकूल. खाडीकाठी उन्हाळ्यात पाण्याला खारटपणा येतो, तेथे खोबरेल तेलाचा साबण चांगला फेसाळतो; जुने खलाशी समुद्राच्या पाण्यासाठी तोच वापरीत. मात्र निव्वळ खोबरेलाचा साबण कातडी अधिक कोरडी करतो, हेही लक्षात असावे.

जेल हे, नावाप्रमाणे, शॉवरखाली उभे राहणाऱ्यांसाठी निघाले. बालदी-तांब्याने न्हाणाऱ्याच्या तळहातावरून ते अर्धे मोरीत जाते. ते वापरावयाचे तर ओल्या फडक्यावर अगर वाळलेल्या घोसाळ्याच्या शिरेवर थोडे घ्यावे, आणि ते फडके रोज उन्हात वाळवावे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एका वेळच्या हात धुण्याला वडीचा सुमारे एकतृतीयांश ग्रॅम खर्च होतो, तर द्रव साबणाचे दोन ग्रॅमांहून अधिक. बाटलीतला बराच भाग पाण्याचा, हे आपण वर पाहिलेच. तेव्हा किंमत पाहताना बाटलीवरचा आकडा पाहू नये. ती किती दिवस पुरली ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावे. शिवाय रिकामी बाटली प्लास्टिकची. आमच्या ओहोळांत आधीच तिची भावंडे थोडी नाहीत.

वेष्टन कसे वाचावे?

भारतीय मानकाप्रमाणे 'टॉयलेट सोप' या नावाने विकल्या जाणाऱ्या वडीवर 'टी. एफ. एम.' म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्याचे प्रमाण छापलेले असते. ७६ टक्के किंवा अधिक ती पहिली प्रत, ७० ची दुसरी, ६० ची तिसरी. 'बेदिंग बार' असे लिहिले असेल तर हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंतही कमी असू शकते. आकडा मोठा म्हणजे वडीत साबण अधिक व भरताड कमी. ती हळू झिजते. पण तो आकडा सौम्यपणाचा नव्हे. ग्लिसरीनच्या पारदर्शक वडीचा आकडा लहान असूनही ती काहींच्या अंगाला मानवते.

घटकांची नावे उतरत्या प्रमाणात छापलेली असतात. 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेलाचा साबण, 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेलाचा, आणि 'सोडियम टॅलोएट' म्हणजे प्राण्यांच्या चरबीचा. ज्यांना धर्माने वा रुचीने शेवटचा नको असेल, त्यांनी हे तीन शब्द लिहून ठेवावेत; आमच्या महालात हिंदू व मुसलमान दोघांच्याही ते उपयोगी पडतील. ज्याला वासाने शिंका येतात अगर अंगावर पुरळ उठते, त्याने 'फ्रॅग्रन्स' हा शब्द नसलेली वस्तू निवडावी. बाटलीतल्या परिरक्षकांपैकी काहींची बाधा होते. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली मिथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. नवी वस्तू आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावी, मग अंगभर.

मग निवड कशी करावी?

धडधाकट, घामाघूम होणारा, शेतात वा यंत्रावर राबणारा माणूस असेल तर साधी चांगली वडी पुरे. त्वचा कोरडी, खाजरी, इसबाची किंवा वय झालेले असेल तर सौम्य वडी अगर सुगंध नसलेले जेल, आणि न्हाल्यावर तेल. तेलकट त्वचेच्या, मुरमे येणाऱ्या मुलामुलींनी तोंड दिवसातून दोनदाच सौम्य वस्तूने धुवावे. घासल्याने मुरमे जात नाहीत, चिडतात. तान्ह्या मुलाला जन्मल्यावर पहिले चोवीस तास न्हाऊ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढेही काही आठवडे त्याला कोमट पाणीच पुरते; पिठाने रगडून लव काढण्याचा हट्ट सोडावा. टाचांना भेगा असतील तर भिरंडाच्या बियांचे घट्ट तेल आमच्या आजीच्या डबीत होते, ते अजूनही वाईट नाही.

त्या माउलीला मी पुढे जाऊन उत्तर दिले ते असे: "मुलाला त्याची बाटली वापरू दे, मात्र फडक्यावर थोडी घेऊन. तुम्हां दोघांना, तुमच्या यजमानांना, चांगली वडी पुरे. सासूबाईंना सौम्य वडी आणा, ती अर्ध्याच अंगाला लावा, आणि न्हाल्यावर त्यांच्या पायांना तुम्ही स्वतः तेल चोळा." ती म्हणाली, "मास्तर, सासूबाईंना यातले शेवटचे तेवढे पसंत पडेल."

मलाही तेच अधिक पसंत आहे. वाचकांनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे: घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नडग्या एकदा उजेडात पाहाव्यात, आणि त्याला विचारावे, "रात्री झोप लागते ना?"